दोन बोटं माया

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला होता. मोदकांचं उरलेलं पीठ डब्यात भरून ठेवत होते, इतक्यात बेल वाजली. दारात माझी भाची. हातात दोन पिशव्या. एकीत लग्नाच्या शालूवरच्या ब्लाउजचं कापड, दुसरीत काकड्या, दुधी आणि पुदिन्याच्या चार जुड्या.

"मावशी, तुझा मिक्सर नीट चालतो ना गं? माझा बिघडलाय. आजपासून मी फक्त रसावर."

लग्न मार्गशीर्षात होतं, म्हणजे हाती बारा आठवडे. वजन ७४ किलो, उंची पाच फूट तीन इंच. आणि बाईसाहेब ब्लाउज शिवायला टाकणार होत्या तो आत्ताच्या मापाने नाही, तर वजन उतरल्यावर जे माप होईल असं त्यांना वाटत होतं, त्या मापाने! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो हे ऐकून होते. इथे नवरीच निघाली होती.

"एका महिन्यात दहा किलो उतरतील ना गं? ऑफिसातल्या एकीचे उतरले."

मी लगेच काही बोलले नाही. कारण हाच प्रश्न मी १९९८ साली विचारला होता, आणि त्याचं उत्तर माझ्या पोटावर टाक्यांच्या चार बारीक खुणांनी लिहून ठेवलेलं आहे.

त्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांचं लग्न होतं. मी ३८ वर्षांची, दोन बाळंतपणं झालेली, वजन ७८. आमच्या भागात वजन उतरवून देणारं एक केंद्र नुकतंच निघालं होतं. महिन्याभरात दहा किलो, अशी त्यांची पाटी होती. सकाळी ताक, दुपारी एक फळ, रात्री कोबीचं पाणीदार सूप. भूक लागली की काकडी. पाच आठवड्यांत मी नऊ किलोंनी उतरले. लग्नात सगळ्या जावा-नणंदांनी मला गराडा घातला. कोणी म्हणालं, "वहिनी, ओळखूच येत नाही तुम्ही!" खोटं कशाला सांगू, जन्मात इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

दोन-अडीच महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकू लागले. मग होळीच्या रात्री, दोन पुरणपोळ्या खाल्ल्यावर, उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की मी जमिनीवर गडाबडा लोळले. कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जात होती. सोनोग्राफीत निघालं, पित्ताशयात खडे. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, पित्ताशय काढून टाकलं. सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरलं होतं का?" त्या केंद्रात कोणी मला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आणि दीड वर्षात वजन किती झालं? ८२! म्हणजे नऊ गेले आणि तेरा आले.

हे सारं भाचीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या वेळी शास्त्र पुढे गेलेलं नव्हतं." चौथ्या दिवशी संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर तिला घेरी आली. मागच्या बाईने धरलं म्हणून डोकं वाचलं. दुसऱ्या दिवशी मी तिला हाताला धरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रागावायच्या ऐवजी कागद पुढे ओढला आणि शाळेतल्यासारखं गणित मांडलं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. दहा किलो चरबी म्हणजे ७७,०००. त्याला तीस दिवसांनी भागा. रोज अडीच हजारांहून जास्त कॅलरींची तूट हवी. खुर्चीत बसून काम करणाऱ्या हिच्यासारख्या मुलीचं शरीर दिवसभरात सगळं मिळून खर्चच करतं सुमारे १,९०० ते २,०००. "म्हणजे तू महिनाभर पाण्याच्या थेंबावर राहिलीस," ते म्हणाले, "तरी दहा किलो चरबी जाणार नाही. हिशोबच बसत नाही."

"मग त्या मैत्रिणीचे दहा किलो गेले ते?"

गेले असतील, पण काय गेलं ते काटा सांगत नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक हाताशी ठेवलेला साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा. हा असतो चार-पाचशे ग्रॅम, पण त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते बहुतांशी हेच. पुन्हा चार दिवस नीट जेवलात की ते परत हजर! पहिल्या आठवड्याचा आकडा बघून पुढचे आठवडे मोजणं म्हणजे पहिल्या पावसावरून धरण भरायची तारीख सांगणं.

आणि दुसरं जातं ते स्नायूंचं मांस. हळू, नीट खाऊनपिऊन वजन उतरवलं तरी गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजचा असतो. उपासमार केली, त्यातही डाळ, दूध, अंडी अशी प्रथिनं तोडली, की हा हिस्सा वाढतो. स्नायू बसल्या जागीसुद्धा कॅलरी खर्च करतात. ते घटले की शरीराचा रोजचा खर्च घटतो, आणि पूर्वीइतकंच खाल्लं तरी वजन वाढायला लागतं. माझे नऊ जाऊन तेरा का आले, हे मला सत्तावीस वर्षांनी त्या खुर्चीत बसून कळलं.

केसांचं आणि खड्यांचं कोडंही तिथेच सुटलं. शरीराला उपासमारीचा धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बहुतेक वेळा परत येतात, एवढाच दिलासा. खड्यांचं असं की वजन झपाट्याने उतरताना यकृत जास्तीचं कोलेस्टेरॉल पित्तात सोडतं. त्यात जेवणात तूप-तेल जवळजवळ नाहीच, म्हणून पित्ताशयाला आकुंचन पावायचं कारण उरत नाही. पित्त साचतं, आणि साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरलं तर हा धोका स्पष्टपणे वाढतो. माझा वेग जवळजवळ दोन किलोंचा होता.

मग सुरक्षित वेग कोणता? जगभरच्या आरोग्य संस्था वर्षानुवर्षं जे सांगत आल्या आहेत ते अगदी साधं आहे. पहिला पाण्याचा आठवडा सोडला तर दर आठवड्याला अर्धा ते एक किलो. त्यासाठी रोज पाचशे-सहाशे कॅलरींची तूट पुरते. ही तूट कशी येते? चहातली साखर, दुपारचा वडापाव, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात आणि वर अर्ध्या-पाऊण तासाचं भरभर चालणं, एवढ्यात. बायकांनी दिवसाला १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली आपल्या मनाने जाऊ नये. आठशेच्या खालचा आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाहीच.

घाईचे बळी नुसते केसांवर थांबत नाहीत. अमेरिकेत १९७६-७७ च्या सुमारास पातळ प्रथिनांच्या आहाराची मोठी लाट आली होती. जेवण बंद, फक्त बाटलीतलं द्रव प्यायचं. त्या आहारावर असलेल्या सुमारे साठ माणसांचे मृत्यू नोंदले गेले. त्यात बऱ्याच जणी धडधाकट दिसणाऱ्या बायका होत्या आणि हृदयाची लय बिघडल्याने गेल्या.

आणि मनाचं काय? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धाने उपाशी झालेल्या युरोपला पुन्हा जेवतं कसं करायचं, हे त्यांना शोधायचं होतं. चोवीस आठवडे या तरुणांना दिवसाला सोळाशेच्या आसपास कॅलरी दिल्या. ते चालतही भरपूर. वजन पाव हिश्शाने घटलं. पण मुलं चिडचिडी झाली, उदास झाली, उन्हाळ्यातही कुडकुडू लागली. ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. लक्षात घ्या, त्यांना सोळाशे कॅलरी मिळत होत्या. आमच्या केंद्राचा कागद मी आज मोजला, तर सहाशेही भरत नाहीत. त्या पाच आठवड्यांत मी मुलांवर किती ओरडले असेन, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. हळू उतरवलेलं वजन कायम टिकतं आणि झटपट उतरवलेलंच परत येतं, असं आपण सगळे म्हणतो. ते तितकंसं खरं नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात दोनशे स्थूल माणसांवर अभ्यास झाला. निम्म्यांनी बारा आठवड्यांत वजन उतरवलं, निम्म्यांनी छत्तीस आठवड्यांत. ज्यांनी ते उतरवलं, त्या दोन्ही गटांत पुढच्या जवळजवळ तीन वर्षांत सत्तर टक्क्यांच्या वर वजन परत आलं. म्हणजे उतरवण्याइतकंच नंतर रोज कसं जगता, याला महत्त्व. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मधुमेह्यांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं, तेव्हा वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला. पण त्या आहारात प्रथिनं, जीवनसत्त्वं मोजून घातलेली होती, औषधं डॉक्टरांनी बदलली होती आणि कोणीतरी सतत लक्ष ठेवून होतं. हे सगळं काढून घेतलं आणि फक्त उपाशी राहणं ठेवलं, की होते ती माझी गोष्ट. २०२५ पासून आपल्याकडे दुकानात आलेल्या वजनाच्या नव्या इंजेक्शनांनाही हेच लागू. डोस हळूहळू वाढवतात तो उगीच नाही.

काही जणांनी तर या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणारे. जेवण कमी आणि गोळी तेवढीच, असं झालं तर रक्तातली साखर धोकादायक उतरते. आणि आहार चालू असताना घेरी, छातीत धडधड, पाळी चुकणं, उजव्या बरगडीखाली कळ, यातलं काहीही झालं तर "निर्धार" वगैरे बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आपल्या मराठी घरांतलं खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. आपण खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी! सोमवारी संकल्प, गुरुवारी मोड. नाहीतर एकादशी आणि दुप्पट खाशी. डॉक्टरांनी भाचीला म्हणूनच उपास दिला नाही, वही दिली. रोज काय खाल्लं ते लिहायचं. दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक. रोज पाऊण तास चालणं आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना काम देणारा व्यायाम. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी. ध्येय बारा आठवड्यांत सहा किलो. तिचं तोंड पडलं. डॉक्टर म्हणाले, "पाच टक्के वजन उतरलं तरी रक्तदाब, साखर सुधारायला लागते. लग्न एक दिवसाचं आहे, शरीर जन्माचं."

बारा आठवडे सरळ गेले असं नाही. नवरात्रात साबुदाण्याच्या खिचडीने काटा जागचा हलला नाही. दिवाळीत उलट अर्धा किलो वाढला, तेव्हा बाई रडल्या. मी म्हटलं, "चकलीने वाढलं, चकली संपली की जाईल." गेलं. लग्नाच्या आठवड्यात वजन भरलं साडेअडुसष्ट. साडेपाच किलो.

ब्लाउजचं सांगायचं राहिलंच. तिने हट्टाने कमी मापाचाच शिवायला टाकला होता. हळदीच्या आदल्या दिवशी घातला, तर हूक लागेनात. घरात धावपळ. मी तो घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याने ब्लाउज उलटा केला, बघितलं आणि हसला. "काकू, काळजी नको. तेव्हाच आत दोन बोटं माया ठेवली होती. नवऱ्या मुली सगळ्या असंच माप सांगतात." दहा मिनिटांत शिवण उसवून त्याने दोन्ही बाजू सैल करून दिल्या.

मांडवात ती सुरेख दिसली. मुख्य म्हणजे हसत होती आणि पंगतीत बसून चवीने जेवली. परवा भेटली, तेव्हा वजन सदुसष्टवर आलं होतं. तेही घाई न करता. वही अजून चालू आहे.

शिंप्याचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कापडाला माया ठेवावी लागते हे त्याला कळतं. ज्या शरीरात आपल्याला जन्म काढायचा, त्याच्यावर आपण एवढी तरी ठेवावी की नाही?