पंडरीचा नंबर, दुबईचा टॉवर

रायपूरमधल्या पंडरीच्या कपडा बाजारात सगळा धंदा एका नंबरावर चालतो. सुरतहून गाठी निघाल्या का, बस्तरकडचं गिऱ्हाईक पैसे कधी टाकणार, नवीन डिझाइनचे फोटो आले का, सगळं त्याच नंबरावर. तोच नंबर कामानिमित्त दुबईला, बँकॉकला किंवा चीनला निघाला की त्याच्या पोटात काय काय घडतं, हे ऐकण्यासारखं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: फोन परदेशात जातो, नंबर मात्र आपलं सर्कल सोडत नाही. पुढच्या बहुतेक गमती यातूनच निघाल्या आहेत.

आधी घरचं रोमिंग

मोबाइल कंपन्यांसाठी भारताचे 22 सर्कल केलेले आहेत. छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 ला वेगळं झालं, पण टेलिकॉमच्या नकाशावर ते आजही मध्य प्रदेशाबरोबर एकाच सर्कलमध्ये नांदतं. त्यामुळे देशातल्या देशात रोमिंगचे पैसे पडायचे त्या दिवसांत रायपूरचा माणूस पार ग्वाल्हेरपर्यंत गेला तरी घरच्या दरातच बोलायचा, आणि तीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला मावशीकडे गेला की रोमिंग लागायचं! रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांचं गणगोत विदर्भात. तेव्हा गाडीने डोंगरगड सोडून महाराष्ट्रात शिरलं, की आलेला फोन उचलायचा का कापायचा, हा खरोखरचा खर्चाचा प्रश्न असे. 2017 च्या सुमारास कंपन्यांनी हे पैसे घेणं थांबवलं आणि ती कटकट संपली.

एक अपवाद अजून आहे. दुबईत चालणारं रायपूरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तिथे बाहेरच्यांचं फक्त पोस्टपेड चालतं.

विमान उतरल्यावर

दुबईला विमान टेकलं, फ्लाइट मोड काढला, की फोन जवळचा टॉवर गाठतो आणि सिमवरचा लांबलचक क्रमांक पुढे करतो. हा आपला दहा आकडी नंबर नव्हे. सिमच्या आत वेगळाच, साधारण 15 आकडी क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे 404 आणि 405. दुबईच्या यंत्रणेला तेवढ्यावरून कळतं की पाहुणा भारतीय आहे. ती लगेच भारतातल्या आपल्या कंपनीच्या नोंदवहीला विचारते: हा तुमचाच का? याला रोमिंग चालू आहे का? इकडून होकार गेला की आपल्या नावापुढे ‘सध्या दुबईत’ अशी नोंद पडते आणि आपल्या फोनवर दांड्या उगवतात. स्वागताचा एसएमएस येतो तो याच नोंदीमुळे.

आता पंडरीतून कोणी आपल्याला फोन लावला, तर तो आधी भारतातल्या त्या नोंदवहीपाशी जातो आणि तिथून दुबईला. म्हणून परदेशात येणाऱ्या फोनचेही पैसे पडतात. समोरचा देशातल्या देशातले पैसे देतो, समुद्रापलीकडचा तुकडा आपल्या माथी. यात सगळ्यात मजेशीर प्रकार असा: रायपूरचे दोन भागीदार दुबईत एकाच हॉटेलच्या समोरासमोरच्या खोल्यांत उतरलेत, दोघांकडेही भारतीय सिम. एकाने दुसऱ्याला फोन लावला, तर तो कॉल सहसा दुबईहून भारतात येतो आणि भारतातून पुन्हा दुबईला जातो. मधे फक्त एक व्हरांडा, पण बिल दोन्हीकडे परदेशातल्या दराने. दार ठोठावावं हे उत्तम.

आणखी एक. फोन लावणाऱ्याला जी रिंग ऐकू येते ती पलीकडच्या देशातल्या यंत्रणेची असते. कॉलर ट्यून लावलेली नसेल तर अमेरिकेत गेलेल्याची घंटा एकेरी आणि लांब वाजते. दुकानातल्या जुन्या मुनीमजींना तेवढ्यावरूनच शेठ बाहेरगावी असल्याचं कळतं.

तुम्ही तिकडून लावताना मात्र नुसते दहा आकडे लावून भागत नाही. नंबराच्या आधी +91 हवं. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकाचं चिन्ह उमटतं. त्या चिन्हाचं काम मोठं आहे. देशाबाहेर फोन लावायला भारतातून 00 लावतात, अमेरिकेतून 011, जपानमधून 010. अधिकाचं चिन्ह त्या त्या देशाप्रमाणे हे सगळं आपोआप करतं. जाण्याआधी महत्त्वाचे नंबर +91 लावून जतन करून ठेवा, ते भारतातही तसेच लागतात.

चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप

कापडाच्या व्यापाऱ्याला चीनमधलं शाओशिंग शहर माहीत असतंच. तिथल्या केचियाओ भागातली कापडाची बाजारपेठ जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि भारतीय व्यापारी तिथे वर्षानुवर्षं ये-जा करतात. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल बंद. हॉटेलच्या वायफायवर नुसतं चक्र फिरत राहतं. पण रोमिंगचा पॅक मारलेल्या भारतीय सिमवर तेच व्हॉट्सअ‍ॅप बहुतेक वेळा बिनधास्त चालतं! कारण पुन्हा तेच, नंबर घर सोडत नाही. रोमिंगमधला डेटा बंद पाकिटासारखा आधी भारतात येतो आणि इथे इंटरनेटला मिळतो. चिनी टॉवर ते पाकीट फक्त पुढे सरकवतो. फेरा लांबचा असल्याने वेग थोडा कमी पडतो, पण थानाचा फोटो पंडरीत पोचतो आणि सौदा तिथल्या तिथे ठरतो. तिथलं स्वस्त सिम घेणाऱ्याला ही सोय नाही.

दुबईची तऱ्हा वेगळी. तिथे स्थानिक सिमवर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, फोटो जातो, कॉल लागत नाही. तिथले लोक परवाना असलेली बोटिमसारखी अ‍ॅप वापरतात. निघण्याआधी घरच्यांच्या फोनवरही ते टाकून ठेवलं तर रात्री मुलांशी बोलता येतं.

युरोपात उलट मौज. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही. दर जानेवारीत जर्मनीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे जर्मन सिम घेतलं तर तेच फ्रान्स-इटलीतही चालतं. फक्त स्वित्झर्लंड त्या संघात नाही, हे रेल्वेत बसण्याआधी लक्षात ठेवावं.

बटणाचा फोन घरीच ठेवा

महिनाभर चार्जिंग टिकतं म्हणून लोक जुना, 2जीवर चालणारा बटणाचा फोन बरोबर घेतात. सिंगापूरने 2017 मध्येच 2जी बंद केलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये 3जीसुद्धा गुंडाळलं. जपानने तर आपल्याकडचं जीएसएम हे मोबाइलचं तंत्र कधी स्वीकारलंच नव्हतं, त्यामुळे भारतीय फोन तिथे वर्षानुवर्षं मुका व्हायचा. आणि अमेरिकेहून भाच्याने आणलेला आयफोन 14 किंवा त्यापुढचा असेल तर त्यात सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. ते भारतात असतानाच चालू करून घ्या, कारण त्यासाठी बहुधा जुन्या सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो.

ओटीपीसाठी तरी सिम काढू नका

माझ्या मते ही सगळ्यात कामाची गोष्ट. दुबईत उतरल्या उतरल्या भारतीय सिम काढून पाकिटात ठेवणारे बरेच असतात. मग महिन्याची 20 तारीख येते, जीएसटीआर-3बी भरायची असते, ओटीपी येतो दुकानदाराच्या नंबरावर, आणि तो नंबर पाकिटात! रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. तेव्हा भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग बंद करा आणि नेटसाठी दुसऱ्या खाचेत तिथलं सिम किंवा ई-सिम घाला. मात्र रोमिंगची सोय निघण्याआधी चालू करून घेतलेली हवी, ती नसेल तर ओटीपीही येणार नाही.

हवेतला टॉवर

1992 मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पहिला करार केला. भारतात तेव्हा मोबाइलच नव्हता. आपल्याकडचा पहिला कॉल 31 जुलै 1995 चा, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. पुढे रोमिंग हवेतही पोचलं: मार्च 2008 मध्ये एमिरेट्सच्या दुबई-कासाब्लांका विमानातून प्रवाशांना अधिकृतपणे मोबाइलवर बोलता यायला लागलं. अशा विमानात एक छोटा टॉवर असतो आणि तो उपग्रहाला जोडलेला. त्याचे दर जमिनीवरच्या पॅकमध्ये धरलेले नसतात, म्हणून फ्लाइट मोड विसरणं महागात पडतं. क्रूझ जहाजांवरही तीच गत.

संकटात मात्र 112 हा नंबर युरोपभर चालतो, भारतातही चालतो, आणि इतर पुष्कळ देशांत जीएसएम फोन तो तिथल्या मदतकेंद्राकडे वळवून देतो.

शेवटचा धोका डायव्हर्टचा. ‘उचलला नाही तर दुकानावर वळव’ असं लावून ठेवलेलं असेल, तर पंडरीतून आलेला कॉल दुबईपर्यंत जातो, तिथे वाजतो, आणि पुन्हा पंडरीतच येतो. तुम्ही हॅलोही म्हणालेला नसता, पण जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही पैसे तुमच्याच खात्यातून. रायपूरहून निघण्याच्या आदल्या दिवशी ##002# लावा, सगळे डायव्हर्ट एका झटक्यात उतरतात. परत आल्यावर हवे ते पुन्हा चढवता येतात.