ऑनलाइन फुटबॉल लीगमध्ये चांगली टीमही तळाला का जाते? समजून घ्या गेमचं गणित आणि पैशाचा सापळा

अमरावती असो की अकोला, मोबाइलवर फुटबॉल खेळणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर हंगाम संपला की एक मेसेज हमखास येतो : 'सर्व्हरनंच हरवलं ना बे!' टीम कागदावर चांगली असते, दर आठवड्याला न चुकता लावलेली असते, तरीही पॉइंट्स टेबलमध्ये नंबर सातवा. मग कुणी गेम डिलीट करतो, कुणी अर्धी टीम विकून टाकतो, तर कुणी 'या वेळी थोडे पैसे टाकूनच बघू' म्हणतो.

हे तिन्ही निर्णय बहुतेक वेळा चुकतात. कारण एका हंगामाचं टेबल टीमबद्दल आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी सांगतं. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सिम्युलेटेड लीग म्हणजे नेमकं काय?

मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरचं 'ऑनलाइन फुटबॉल' ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं.

• थेट खेळ : ईए स्पोर्ट्स एफसी किंवा ईफुटबॉल. इथे पास, शॉट, टॅकल सगळं तुमच्या बोटांवर असतं.

• फँटसी : खऱ्या सामन्यांतल्या खेळाडूंची टीम निवडायची. मैदानावर ते जे करतील, त्यावर गुण मिळतात.

• मॅनेजर सिम्युलेशन : हॅटट्रिक, फुटबॉल मॅनेजर यांसारखे गेम. इथे तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. टीम तुम्ही लावायची, सामना मात्र कॉम्प्युटर 'खेळतो'.

थेट खेळाच्या प्रकाराला आता देशाच्या जर्सीचंही वलय आहे. इंडियन सुपर लीगने २०२१ मध्ये 'ई-आयएसएल' सुरू केली. २०२२ मध्ये भारताची टीम कोपनहेगनला झालेल्या फिफाई नेशन्स कपसाठी पात्र ठरली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकांचा दर्जा मिळाला. तिथे फुटबॉल गेममध्ये भारताकडून चरणजोत सिंग आणि करमन सिंग टिक्का उतरले. पदक मात्र मिळालं नाही.

निराश हंगामाचं कोडं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते तिसऱ्या प्रकारात. कारण तिथे बोटांची चूक हे कारणच उरत नाही.

हंगाम कसा चालतो?

उदाहरण म्हणून 'हॅटट्रिक' घेऊ. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला हा गेम आजही चालू आहे. त्यात देशोदेशीच्या लीग आहेत, भारताचीही आहे. रचना अशी :

• एका गटात ८ टीम असतात. प्रत्येक टीम इतर सातही टीमशी दोनदा खेळते, म्हणजे एकूण १४ लीग सामने.

• विजयाला ३ गुण, बरोबरीला १. म्हणजे जास्तीत जास्त ४२ गुण.

• हंगाम १६ आठवड्यांचा. लीगचा सामना आठवड्यातून एकदाच होतो.

• खेळाडूचं एक वर्ष ११२ दिवसांचं, म्हणजे बरोबर एका हंगामाचं.

• वर चढणं आणि खाली घसरणं, दोन्ही मुख्यतः याच १४ सामन्यांवर ठरतं.

यात 'फास्ट फॉरवर्ड' नाही. एक हंगाम बुडाला की खऱ्या आयुष्यातले जवळपास चार महिने गेलेले असतात. कॉलेजचं एक सेमिस्टर साधारण तेवढंच. त्यामुळे निराशा खरी असते, 'गेमच तर आहे' म्हणून ती कमी होत नाही.

सामन्याचा निकाल कोण ठरवतं?

मॅनेजर सामन्याआधी ११ खेळाडू, फॉर्मेशन, डावपेच आणि बदलीच्या सूचना देऊन ठेवतो. पुढचं काम गेमच्या इंजिनचं. इंजिन म्हणजे सामना घडवणारा प्रोग्राम. तो साधारण दोन पायऱ्यांत चालतो.

पहिली पायरी मिडफिल्डची. ज्याचं मिडफिल्ड भारी, त्याच्या वाट्याला गोलच्या संधी जास्त येण्याची शक्यता असते. दुसरी पायरी प्रत्येक संधीची. तुमचं आक्रमण आणि समोरच्याचा बचाव यांची तुलना होते आणि गोल होण्याची शक्यता ठरते.

इथे 'शक्यता' हा शब्द महत्त्वाचा. इंजिन शेवटी प्रत्येक संधीवर फासा टाकतं. टीम जितकी चांगली, तितका फासा तुमच्या बाजूने झुकलेला. पण झुकलेला फासाही कधीकधी उलटा पडतोच.

चांगली टीम किती वेळा हरते?

हे आकड्यांत मांडता येतं. समजा, अकोल्यातल्या एका मॅनेजरची टीम सामन्यामागे सरासरी १.५ गोल करते आणि समोरची टीम १. म्हणजे गोल करण्यात ही टीम दीडपट सरस आहे. फुटबॉलच्या गोलसंख्येसाठी नेहमी वापरलं जाणारं 'प्वासाँ' हे संख्याशास्त्रातलं सूत्र लावलं, तर उत्तर असं येतं :

• विजयाची शक्यता : साधारण ४९ टक्के

• बरोबरी : साधारण २६ टक्के

• पराभव : साधारण २५ टक्के

म्हणजे दीडपट चांगली टीमसुद्धा चारपैकी एक सामना हरते आणि निम्म्याहून जास्त सामने जिंकत नाही. क्रिकेटमध्ये शेकड्याने धावा होतात, त्यामुळे एखादा नशिबाचा चौकार पचून जातो. फुटबॉलमध्ये सामन्याला दोन-तीन गोल होतात. त्यातला एक इकडचा तिकडे झाला की निकालच फिरतो.

आता याच टीमला १४ सामन्यांच्या हंगामात सलग तीन पराभव सोसावे लागण्याची शक्यता काढली, तर ती साधारण १४ टक्के येते. म्हणजे काहीही चुकलेलं नसताना, सात हंगामांत एखाद्या वेळी ही साडेसाती येणारच. नेमकी त्याच वेळी मॅनेजर घाबरून सगळी टीम उलटीपालटी करतो.

समान ताकदीच्या टीममध्ये एवढा फरक कसा?

दुसरं गणित आणखी बोलकं आहे. समजा, गटातल्या आठही टीम अगदी सारख्या ताकदीच्या आहेत. प्रत्येक सामन्यात विजय ३७ टक्के, बरोबरी २६ टक्के, पराभव ३७ टक्के असं धरलं, तर १४ सामन्यांनंतर प्रत्येकीचे सरासरी १९ गुण व्हायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने गुण वर-खाली होतात. तीनपैकी दोन वेळा ते १४ ते २४ च्या दरम्यान राहतील, तर एकदा या पट्ट्याच्याही बाहेर जातील.

आठ टीमच्या गटात १४ गुण म्हणजे घसरणीची टांगती तलवार आणि २४ गुण म्हणजे वरच्या दोन-तीन जागांची आशा. टीम त्याच, ताकद तीच, तरी कुणी मिरवणूक काढतो आणि कुणी मान खाली घालतो.

कोरडवाहू शेती करणाऱ्या वऱ्हाडाला हे वेगळं सांगायला नको. एका साली पावसाने दगा दिला म्हणून शेत वाईट ठरत नाही आणि एका साली कापूस भरघोस आला म्हणून पुढच्या वर्षी पेरणीत हयगय चालत नाही.

खऱ्या फुटबॉलमध्येही असं होतं का?

होतं. चेल्सीने २०१४-१५ मध्ये ८७ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. पुढच्याच हंगामात हाच क्लब ५० गुणांवर दहावा आला आणि प्रशिक्षक जोजे मोरिन्यो यांची डिसेंबरमध्येच गच्छंती झाली. त्यानंतरच्या हंगामात नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली चेल्सी ९३ गुणांसह पुन्हा विजेता! याच काळात लेस्टर सिटीने ८१ गुणांसह २०१५-१६ चं विजेतेपद मिळवलं आणि पुढच्या वर्षी ४४ गुणांसह बारावा नंबर गाठला.

यात सगळं नशीब नव्हतं. दुखापती, ड्रेसिंग रूममधले वाद, खेळाडूंची विक्री अशी कारणंही होती. पण एका हंगामाच्या टेबलवरून क्लबची खरी पत ठरवणं किती धोक्याचं, हे यातून दिसतं. आणि तिथे ३८ सामने असतात, इथे फक्त १४.

मग मॅनेजरची काहीच चूक नसते का?

असते, पण ती बहुतेक वेळा त्या हंगामातली नसते, आधीच्या हंगामातली असते. हॅटट्रिकमध्ये तीन चुका नेहमीच्या आहेत.

१. सरावाची धरसोड : आठवड्याला एकाच कौशल्यावर भर देता येतो आणि खेळाडू एक पायरी वर चढायला कित्येक आठवडे लागतात. वय वाढलं की आणखी वेळ. दर पंधरा दिवसांनी सराव बदलणाऱ्याची सगळीच पोरं अर्धवट तयार होतात.

२. प्रत्येक सामना 'जीवनमरणाचा' : एखाद्या सामन्यात टीमला सगळी ताकद लावायला सांगण्याची सोय आहे. पण त्याची किंमत नंतर चुकवावी लागते, कारण टीमचं मनोबल घसरतं. उलट सोप्या सामन्यात टीमला निवांत खेळायला सांगितलं तर मनोबल वाढतं. पहिल्या चार सामन्यांतच जोर संपवणारी टीम शेवटच्या चारमध्ये ढेपाळते.

३. पगाराचा बोजा : नाववाल्या खेळाडूचा पगार दर आठवड्याला जातो. कर्ज मर्यादेबाहेर गेलं तर क्लबचं दिवाळंच निघतं. शिवाय तिशीकडे झुकलेला महागडा खेळाडू पुढच्या हंगामात एक वर्षाने म्हातारा झालेला असतो.

गेम मुद्दाम हरवते का?

ही शंका जगभर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात काही खेळाडूंनी ईए कंपनीवर दावा ठोकला. खेळाडूच्या कामगिरीनुसार सामन्याची काठिण्यपातळी आपोआप बदलणारं तंत्रज्ञान फिफा गेममध्ये वापरलं जातं, असा आरोप होता. अशा तंत्रज्ञानाचं पेटंट कंपनीकडे होतं. पण ऑनलाइन सामन्यांत ते वापरत नसल्याची तांत्रिक माहिती कंपनीने दिली आणि २०२१ मध्ये दावा मागे घेतला गेला.

थेट खेळाच्या प्रकारात 'सर्व्हरनं हरवलं' या तक्रारीत एक खरा मुद्दा मात्र आहे, तो म्हणजे पिंग. तुम्ही बटण दाबल्याचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं. पिंग १०० असेल तर तुमचा टॅकल सहा चित्रं उशिरा पोहोचतो. गावाकडच्या डगमगत्या नेटवर्कवर हा फटका बसतो. मॅनेजर सिम्युलेशनमध्ये मात्र सूचना आधीच दिलेल्या असतात, त्यामुळे तिथे पिंगला दोष देता येत नाही.

पैसे टाकले तर टीम सुधारेल का?

गेमवर अवलंबून आहे. हॅटट्रिकमध्ये पैसे भरून जादा सोयी मिळतात, पण सामन्यात कुठलाही फायदा मिळत नाही. ईएच्या 'अल्टिमेट टीम'मध्ये मात्र पैसे देऊन बंद पॅक घेता येतात. आत कोणता खेळाडू निघेल, ते उघडल्यावरच कळतं. म्हणजे सामन्यातल्या फाशाआधी आणखी एक फासा, तोही खिशातल्या पैशाचा. बेल्जियमने अशा पॅकना जुगार ठरवल्यावर ईएने जानेवारी २०१९ मध्ये तिथे त्यासाठीच्या पॉइंट्सची विक्री थांबवली.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्यात गेमचे तीन कप्पे आहेत :

• ई-स्पोर्ट्स : मान्यता. प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, पैज चालत नाही.

• सोशल गेम : परवानगी. वर्गणी भरून खेळता येतं, पण पैसे जिंकण्यासाठी पैसे लावता येत नाहीत.

• मनी गेम : बंदी. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खेळणाऱ्याला यात शिक्षा नाही. या कायद्यानंतर मुंबईच्या ड्रीम-११सह अनेक कंपन्यांनी पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. मित्रांच्या लीगमध्ये दर आठवड्याला ५०-५० रुपये काढून जिंकणाऱ्याला गल्ला देणं गमतीचं वाटलं, तरी तो खेळावर लावलेला पैसाच असतो. आणि हरलेला हंगाम भरून काढायला पुढच्या वेळी ५०० काढले जातात. नुकसान तिथून सुरू होतं.

हंगाम बुडाला, आता काय करायचं?

टीम विकण्याआधी किंवा गेम डिलीट करण्याआधी या पाच गोष्टी तपासा :

१. १४ पैकी किती पराभव एका गोलने झाले? पाच-सहा असतील तर टीम टेबलवर दिसते तेवढी वाईट नाही.

२. गोलच्या संधी कुणाला जास्त मिळाल्या? संधी तुम्हाला आणि गोल त्यांना, असं चित्र असेल तर धीर धरा. संधीच मिळत नसतील तर मिडफिल्ड सुधारा.

३. मुख्य खेळाडूंचं वय पुढच्या हंगामात किती होईल?

४. हंगामभरात सराव किती वेळा बदलला?

५. आठवड्याच्या कमाईत पगार भागतो का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नशिबाकडे बोट दाखवत असतील, तर टीम तशीच ठेवून पुढचा हंगाम खेळणं शहाणपणाचं. शेवटच्या तीन प्रश्नांत गडबड दिसली, तर दुरुस्ती आजपासून सुरू करावी. तिचं फळ दिसायला एक हंगाम जाईल.

टीम अर्ध्यावर सोडणं मात्र टाळलेलं बरं. हॅटट्रिकमध्ये मालक निघून गेला की टीम 'बॉट' होते, म्हणजे तिला कॉम्प्युटरच सांभाळतो आणि गटातल्या उरलेल्या सात जणांच्या स्पर्धेतलीही गंमत जाते. मित्रांच्या लीगचंही तसंच. आठातले तीन जण रुसून बाहेर पडले, की उरलेल्यांना पुढचा हंगाम भरवणंच अवघड होऊन बसतं.