कोलामी, गोंडी आणि संगणकातला वंशवृक्ष
आदिलाबादच्या बाजारात कोलामी, गोंडी, तेलुगू, मराठी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. पहिल्या तिघी द्राविडी कुळातल्या. पण त्या फुटून निघाल्या कधी? 2018 साली संशोधक विष्णुप्रिया कोलिपाकम आणि सहकाऱ्यांनी 20 द्राविडी भाषांतले 100 मूलभूत शब्द संगणकाला पुरवले. असंख्य संभाव्य वंशवृक्ष पडताळून कुळाचं वय निघालं सुमारे 4500 वर्षं (पंचांगातली तिथी नव्हे, अंदाजच). खरी मेख उसनवारीत आहे. कोलामीत मराठी शब्द शिरलेले आहेत. उसने शब्द सख्खे समजले, तर झाडच चुकतं.

मुळात शब्द रुजतो कसा, हे या झाडातून दिसत नाही. त्यासाठी संशोधक ल्यूक स्टील्स यांनी 1999 मध्ये कॅमेऱ्याचे डोळे असलेल्या यंत्रांना फळ्यावरचे आकार दाखवले. एकानं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. शब्दकोश न देताही त्यांचे सामाईक शब्द तयार झाले.