डोळ्यांखालची सूज आणि हलका हात
पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. तिची जाडी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. तिच्याखालची ऊती सैल असल्याने तिथे पाणी चटकन साचते. खारट जेवणानंतर, रडल्यावर किंवा रात्रभर आडवे झोपल्यावर सकाळी डोळे सुजलेले दिसतात ते यामुळेच. उठून वावरू लागले की ही सूज आपोआप उतरते. मालिश तिला थोडी घाई करते, इतकेच.

या भागातले जादा पाणी लसीकावाहिन्यांतून प्रामुख्याने कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींकडे जाते. हाताची दिशाही तीच हवी. स्वच्छ बोटांवर बदामाच्या तेलाचा एखादा थेंब घेऊन, डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवरून अनामिका नाकाकडून कानशिलाकडे हळू सरकवावी. मग कानापुढून मानेपर्यंत खाली यावे. मिनिट-दोन मिनिटे पुरतात. दाब अगदी हलका असावा, कारण या वाहिन्या त्वचेलगतच असतात आणि जोराने दबून जातात. बुबुळावर तर दाब कधीच देऊ नये. डोळे सतत चोळण्याचा संबंध केराटोकोनसशी, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराशी आढळतो.

काळी वर्तुळे रंगद्रव्यामुळे असतील किंवा वयानुसार चरबी पुढे आली असेल, तर मालिशने फरक पडत नाही. डोळे आले असताना, काचबिंदू असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास मालिश टाळावी. सूज रोजच राहत असेल, पायांवरही दिसत असेल, तर आधी मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.