सापाच्या शेपटीजवळून लाल गोळा बाहेर आलाय? सगळ्यात आधी काय कराल?

मंडळी, गाई-म्हशींचं 'अंग बाहेर येणं' गावाकडच्या माणसाला नवं नाही. व्याल्यावर जनावर जोर करतं आणि मायांग बाहेर पडतं. जाणती माणसं ते स्वच्छ ओल्या फडक्यावर धरून ठेवतात आणि डॉक्टरांना बोलावतात. हाच प्रकार पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पाळलेल्या बॉल पायथनला झाला तर? तिथे मात्र भल्याभल्यांची पाचावर धारण बसते.

तसं पुण्याला सापांचं वावडं नाही. १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते, पुढे त्यांनीच कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. पण ती गोष्ट आपल्या रानातल्या सापांची. घरात विदेशी साप पाळण्याची हौस अलीकडची, आणि त्यांच्या दुखण्यांची माहिती हौसेइतकी पसरलेली नाही.

बाहेर येतं ते नेमकं काय?

सापाचं पोट संपून शेपूट सुरू होते तिथे खालच्या बाजूला एक आडवी फट असते. विष्ठा, युरेट म्हणजे लघवीचा पांढरा खडूसारखा भाग, अंडी, सगळं तिथूनच बाहेर येतं. फटीच्या आतल्या कप्प्याला क्लोअका म्हणतात. प्रोलॅप्स म्हणजे आतला भाग उलटून बाहेर येणं आणि परत आत न जाणं. तो भाग आतड्याचा असू शकतो, मादीच्या अंडनलिकेचा असू शकतो किंवा नराच्या जननेंद्रियाचा.

इथे एक गंमत आहे. नर सापाला अशी दोन इंद्रियं असतात आणि विष्ठा टाकताना त्यातलं एखादं क्षणभर बाहेर डोकावून आत जातं. तो आजार नाही. पण काही मिनिटं उलटली तरी ते तसंच असेल, सुजत असेल, तर मात्र वेळ घालवू नका. हा नाजूक भाग हवेवर सुकतो, सुजला की फट आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि लालसर गोळा काळा पडू लागतो.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत

साप आधी टाकीतून बाहेर काढा. खाली पसरलेला नारळाचा भुसा किंवा लाकडाचा कीस त्या ओल्या भागाला चिकटतो. हवेसाठी भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओले टिश्यू पेपर अंथरा आणि त्यात साप ठेवा. एरवी साप न्यायला उशीचा अभ्रा चालतो, पण आज नको. कापड घासतं.

मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाइन कोमट करून त्या भागावर हळूच ओता. सलाइन नसेल तर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट दीड छोटा चमचा मीठ घाला. भाग सतत ओला राहिला पाहिजे, कारण डॉक्टरांच्या हाती काय उरणार हे बरंचसं यावरच ठरतं. पोहोचायला वेळ लागणार असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून साध्या साखरेची दाट पेस्ट लावता येते. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. गुरांचे डॉक्टरही हीच युक्ती वापरतात.

हळद, खोबरेल, जंतुनाशक यातलं काहीही लावू नका. बोटाने दाबून आत ढकलू नका, ओढू नका. दुखत असलेला गरीब सापही चावतो, म्हणून डोकं सांभाळायला दुसरा माणूस हवा.

डॉक्टर सूज उतरवून भाग आत बसवतात आणि गरज असल्यास तात्पुरते टाके घालतात. नराचं इंद्रिय निकामी झालं असेल तर ते काढूनही टाकता येतं. सापाची लघवी त्यातून होत नाही आणि दुसरं शिल्लक असतं. आतडं काळं पडलं असेल तर मात्र काम फार अवघड होतं.

मुळात झालं का?

जोर करावा लागला म्हणून. त्यामागे जंत, बद्धकोष्ठता, अडकलेली अंडी, फार मोठं भक्ष्य, लठ्ठपणा, पाण्याची कमतरता यातलं काहीही असू शकतं. म्हणून जाताना ताज्या विष्ठेचा नमुना सोबत न्या. पुण्याची हवाही यात भर घालते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. बॉल पायथनला टाकीच्या उबदार टोकाला साधारण ३० ते ३२ अंश लागतात. थंडीत त्याचं पचन रेंगाळतं. एप्रिलचा कोरडा उन्हाळा शरीरातलं पाणी शोषतो.

आणि कागदपत्रं?

कागदं नाहीत म्हणून काही जण डॉक्टरांकडे जायलाच कचरतात. आमच्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. बॉल पायथन सायटीसच्या यादीत आहे आणि २०२२ ची कायदा दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. हे काम साप धडधाकट असतानाच उरका. तेव्हाच जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून "तुम्ही साप बघता का?" हेही विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी फक्त कुत्री-मांजरंच पाहतात.

धामण, नाग, मांडूळ असे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. सोसायटीत असा जखमी साप दिसला तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.