नक्षी शाबूत, टायर म्हातारा

जुन्या वेगवान गाडीला नवे टायर घेताना परभणीच्या उन्हाने आणि काळ्या मातीने शिकवलेल्या गोष्टी

"काका, नक्षी तर अजून चांगली हाय की. कामून बदलायलात?"

परभणीत जिंतूर रोडवरच्या टायरच्या दुकानातल्या पोराने माझ्या मित्राला हा प्रश्न विचारला, तेव्हा गाडी जॅकवर होती आणि पुढचं चाक काढून जमिनीवर आडवं ठेवलेलं होतं. डोळ्यांना दिसत होतं त्यावरून पोराचं काही चुकत नव्हतं. खाचा खोल होत्या, कडा धारदार होत्या. मित्राने त्याला जवळ बसवलं आणि टायरची बाजू अंगठ्याने दाबायला सांगितली. रबर दबलं नाही, लाकडासारखं कडक लागलं. मग त्याने नक्षीच्या दोन ठोकळ्यांमधली खाच बोटांनी फाकवून दाखवली. तळाशी बारीक भेगांचं जाळं होतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशाच भेगा, फक्त केसाएवढ्या. शेवटी त्याने टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं: २८१५. म्हणजे २०१५ सालचा अठ्ठाविसावा आठवडा. टायर बनून दहा वर्षं उलटली होती.

जुन्या गाडीचे टायर झिजून संपण्याआधी वयाने संपतात. हौसेने सांभाळलेली वेगवान गाडी रोज पळत नाही. रविवारी बाहेर निघते, एरवी कापडाखाली उभी असते. त्यामुळे नक्षी टिकते आणि मालक निर्धास्त राहतो. धोका नेमका त्या निर्धास्तपणात आहे, म्हणून हा लेख.

मराठवाड्याची वेगवान गाडी

मित्राची गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. परभणीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागल्या. २००४ मध्ये तिचा आरएस हा वेगवान अवतार आला: १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. दोन दारांची, बुटकी, उघड्या टपाची गाडी ही स्पोर्ट्‌स कारची पुस्तकी व्याख्या झाली. आपल्या मुलखात ज्यांनी गाडीच्या वेगाचं वेड धरलं, त्यांच्यासाठी स्पोर्ट्‌स कार म्हणजे हीच, घरच्यांनाही बसवता येणारी आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी.

टायरच्या बाबतीतही मराठवाडा मागे नाही. शेंद्रा शहराच्या एका बाजूला, तर दुसऱ्या बाजूच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गुडइयरचा कारखाना आहे. गाडी मराठवाड्यातली, टायरही मराठवाड्यातला मिळू शकतो आणि रस्ता तर आपलाच. तरीही दुकानात शिरल्यावर 'कोणत्या कंपनीचा घेऊ?' हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा असतो. त्याआधीचे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रश्न: जन्म कधीचा?

प्रत्येक टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. कधीकधी हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेली असेल तर गाडीखाली डोकं घालून वाचावे लागतात.

रबर म्हातारं होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, ओझोनमुळे आणि उष्णतेमुळे. ते आटतं, कडक होतं, चिरतं. कारखान्यात रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दाबलं-ताणलं जातं, तशी ती हळूहळू वर येतात आणि टायरवर संरक्षक थर धरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हा थर नवा होत नाही. त्यामुळे रोज पळणाऱ्या टॅक्सीच्या टायरपेक्षा जपून उभ्या ठेवलेल्या गाडीचा टायर लवकर चिरू शकतो. वर पत्र्याचं शेड आणि मे महिन्याचं ऊन असेल तर वेग आणखी वाढतो.

पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावेत आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर वापरू नयेत, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात. आपल्याकडचं ऊन पाहता वेगवान गाडीला मी सहा-सात वर्षांच्या पुढे जाऊ देणार नाही. स्टेपनीलाही हाच नियम. डिकीत पडून राहिलेली, कधी जमिनीला न लागलेली स्टेपनी 'नवी' दिसते, पण ती गाडीइतकीच जुनी असू शकते.

दुकानातला नवा टायरही 'नवा' आहे का, ते पाहा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी टायरांच्या आयातीवर निर्बंध आणले. तेव्हापासून वेगवान गाड्यांना लागणारे काही खास आकार आणि मॉडेलं मिळवायला वेळ लागतो. मग कुठल्यातरी गोदामात राहिलेला जुना माल 'शेवटचे चार आहेत' असं सांगून पुढे केला जातो. वर्षापेक्षा जुना टायर नको, हे दुकानात शिरतानाच सांगावं. आयएसआयची खूणही पाहावी. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ती सक्तीची आहे.

दुसरा प्रश्न: आकार काय सांगतो?

मित्राच्या टायरवर लिहिलं होतं: २०५/५५ आर १६, ९१ व्ही. हे कोडं एकदा सुटलं की आयुष्यभर पुरतं. २०५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो पेलू शकतो. व्ही ही वेगाची खूण, ताशी २४० किलोमीटरपर्यंतची. एच असेल तर २१० आणि टी असेल तर १९०.

आपल्या रस्त्यावर २४० ने कोण जाणार, मग स्वस्तातला टी का नको? कारण ही खूण वेगासोबत उष्णता सोसण्याची ताकदही सांगते. जास्त वेगासाठी बनवलेल्या टायरची आतली बांधणी जास्त उष्णता सोसते. परभणीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून कंपनीने दिलेल्या खुणेच्या खाली उतरू नये, भाराच्या आकड्याच्याही नाही.

आता हौसेचा विषय. जुन्या गाडीला मोठं रिम आणि पातळ टायर लावायचा मोह अनेकांना होतो. गणित करून पाहू. २०५/५५ आर १६ चाकाची एकूण उंची येते सुमारे ६३२ मिलिमीटर. १९५/६५ आर १५ ची ६३४.५ आणि २२५/४५ आर १७ ची ६३४. तिन्ही चाकं बाहेरून जवळजवळ सारखीच, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. १५ इंची चाकाला ती १२७ मिलिमीटरची, १६ इंचीला ११३ आणि १७ इंचीला १०१.

ही भिंत म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. तिच्यावरचा रस्ता दर वर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो. परभणी-गंगाखेड असो की जिंतूरकडचा रस्ता, सपाट दिसणाऱ्या डांबरावर गाडी होडीसारखी हेलकावे खाते ती त्यामुळेच. अशा रस्त्यावर भिंत आणखी कमी करणं म्हणजे रिम वाकवून घेणं आणि टायरला गोळा आणवणं. गोळा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण. गोळा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो त्याच दिवशी काढायचा. माझं मत स्पष्ट आहे: या जिल्ह्यात राहायचं असेल तर कंपनीने दिलेला मूळ आकारच ठेवा. एक इंच खाली यायचं झालं, तर ते रिम ब्रेकवर बसतं का, हे आधी तपासून घ्या.

तिसरा प्रश्न: ऊन आणि पाऊस

टायर फुटला की आपण उन्हाला दोष देतो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा कमी हवा असते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता तयार होते, उष्णतेने आतले थर सुटू लागतात आणि मग एका क्षणी सगळं संपतं. ऊन या आगीत तेल ओततं.

हिवाळ्यात परभणी गारठते. कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा दिवसांत सकाळी ८ अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा उन्हाळ्याच्या ४२ अंशांत गाडी न हलवताही ३७ च्या पुढे जाते. उलट, उन्हाळ्यातल्या दुपारी तापलेल्या टायरमधली 'जास्त' हवा सोडून दिली, तर रात्री गार झाल्यावर तो टायर कमी हवेचा होतो. म्हणून हवा नेहमी टायर गार असताना तपासावी. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालण्याआधी. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेला आकडा हा गार टायरचा आकडा असतो. हातात मावणारं एक चांगलं गेज घरी ठेवा. नायट्रोजन भरला तर हवा थोडी सावकाश कमी होते, एवढंच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्याची तपासणी त्याने चुकत नाही.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा. शेतातून निघालेला ट्रॅक्टर रस्त्यावर काळ्या मातीचे लगदे सोडत जातो. पहिली सर आली की तो लगदा साबणासारखा होतो. अशा वेळी टायरच्या खाचा पाणी आणि चिखल बाहेर फेकतात. खाचा उथळ असल्या की पाण्याचा थर चाकाखालीच राहतो आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग हातात असतं, गाडी नसते. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचेत मधूनमधून दिसणारे छोटे उंचवटे हीच मर्यादा दाखवतात. बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा त्रिकोण त्यांच्या रेषेत असतो. वेगवान गाडीने मात्र उंचवट्यांची वाट पाहू नये. पावसाळ्याआधी ३ मिलिमीटर उरलेले टायरही बदललेले बरे.

कोणतं रबर घ्यायचं? अनेक टायरांच्या बाजूवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे आकडा असतो. २०० ते ३०० चा टायर मऊ, रस्ता घट्ट धरणारा आणि लवकर झिजणारा. ४०० च्या पुढचा टिकाऊ, पण पकडीला सहसा थोडा कमी. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला टिकाऊपणा विकत घेण्यात अर्थ नाही. टायर झिजायच्या आत म्हातारा होणार असेल, तर पैसे पकडीवर खर्च करावेत, विशेषतः ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर. शेजारी 'टेंपरेचर' या शब्दापुढे ए हे अक्षर आहे ना, तेही आपल्या उन्हासाठी पाहून घ्यावं.

दुकानात उभं राहून

चारही टायर एकदम घेणं सर्वांत चांगलं. दोनच परवडत असतील तर एकाच अक्षावर एकाच नक्षीची जोडी बसवा. नवी जोडी मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असली तरीही. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

जुना टायर फेकण्याआधी तो वाचा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच बाजू खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे आणि लाटांसारखे चढ-उतार असतील तर शॉकअब्सॉर्बर गेले आहेत. वीस वर्षांच्या गाडीत बुश आणि बॉल जॉइंट आधी पाहून घ्या, नाहीतर नव्या टायरचीही तीच गत होईल. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट यांत काटकसर करू नका. बाजूवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेरच हवी. घाईत हे चुकतं, म्हणून चाक बसल्यावर स्वतः फिरून पाहा. पहिले दोनेकशे किलोमीटर दमाने चालवा. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा राहिलेला असतो.

परभणीकर आता जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने पळणाऱ्या टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली, ती याच कारणाने. झिजलेला टायर तिथला माणूस ओळखेल. म्हातारा टायर ओळखणं मात्र आपल्यावरच आहे.

संध्याकाळी नवे चार टायर बसले. मित्राने चारही टायरांवरची तारीख वाचून आरसीच्या पाकिटात एका चिठ्ठीवर लिहून ठेवली. दुकानातलं पोरगं जुन्या टायरांकडे पाहत म्हणालं, "हे ठेवू का काका? सेकंडमधी जातील."

मित्राने नाही म्हटलं. जो टायर आपल्या लेकराबाळांखाली नको, तो दुसऱ्याच्या लेकराबाळांखाली का जावा? त्याने पोराकडून कटर मागून घेतलं आणि चारही टायरांच्या भिंतीत हातभर लांब चीर दिली. मग म्हणाला, "आता ने. घरच्या पत्र्यावर ठेव. वावटळीत पत्रे उडणार नाहीत."

पोराने दोन टायर खांद्याला अडकवले. जाता जाता थांबून भिंतीला लावलेल्या एका नव्या टायरपाशी वाकलं आणि बोटाने चार आकडे शोधू लागलं.