‘आण’ म्हणताच आणणारा कुत्रा

चेंडूमागे धावणारा कुत्रा आणि चेंडू आणून हातात देणारा कुत्रा हे दोन निराळे प्राणी आहेत. पहिला कोणत्याही गल्लीत सापडतो. दुसरा घडवावा लागतो.

जातीचा गुण नसतोच असे नाही. पाहणे, पाठलाग करणे, पकडणे आणि फाडणे अशी शिकारीची साखळी कुत्र्याच्या रक्तातच असते. बंदुकीने पक्षी टिपणाऱ्या इंग्रज सरदारांना त्यातले शेवटचे कडे नको होते. पाखरावर दात न उमटवता ते आणून देणारा कुत्रा हवा होता. पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेल्या एका हौशी गृहस्थाने १८६८ साली स्कॉटलंडमध्ये ‘नूस’ हा पिवळा कुत्रा आणि ‘बेल’ ही पाण्यात काम करणारी स्पॅनिअल कुत्री यांचा संकर केला. त्यांच्या पिल्लांपासून गोल्डन रिट्रीव्हरचा वंश चालला. हे कुत्रे एका रशियन सर्कशीतून आणले, अशी रसाळ दंतकथा पुष्कळ वर्षे सांगितली जाई. १९५२ साली लॉर्डसाहेबांच्या वहीतल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि सर्कशीचा तंबू कोसळला! लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर राबत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला, आणि लॅब्रॅडॉरसाहेब फ्लॅटमध्ये राहायला आले. धन्याची चप्पल हेच आता त्यांचे पाखरू!

मग वस्तू आणून द्यायला हा कुत्रा का कुरकुरतो? कारण न देण्याचे शिक्षण आपणच त्याला देतो. पिल्लाने मोजा उचलला की अख्खे घर त्याच्यामागे धावते. असा खेळ फुकटात मिळत असेल तर तो का सोडील? त्यातून जबडा फाकवून मोजा हिसकावला, तर तो दुसराच धडा शिकतो : काढून घेण्याआधी गिळून टाकावे. पोटातून मोजे काढण्यासाठी पशुवैद्यांना सुरी धरावी लागते, त्यातली काही प्रकरणे अशीच घडतात. आणि रस्त्यावर उंदराच्या विषाची वडी तोंडात आली, तर ‘दे’ म्हणताच सोडणे यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.

म्हणून हे शिक्षण शेवटाकडून सुरू करावे. आधी देणे, मग धरणे, आणि फेकणे सर्वांत शेवटी. कुत्र्याच्या तोंडात खेळणे असताना नाकाशी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा न्या. तोंड उघडले की ‘दे’ म्हणा, तुकडा द्या आणि खेळणेही परत करा. हे परत करणे फार महत्त्वाचे. देण्यात तोटा नाही हे त्याला पटले पाहिजे. मग दोन सेकंद, पाच सेकंद असे धरायला शिकवा. त्यानंतर वस्तू हातभर अंतरावर ठेवा आणि मगच फेका. तीही मैदानात नव्हे, घराच्या अरुंद बोळात, म्हणजे परतीची वाट तुमच्याकडेच येते. तो वळला की पुढे धावू नका. उलट दोन पावले मागे सरा आणि खाली बसा. जवळ आल्यावर लगेच तोंडाकडे हात नेऊ नका. आधी पाठ थोपटा. दोन-तीन फेकींत खेळ आवरा. कुत्र्याला आणखी हवेसे वाटत असतानाच थांबण्यात खरी गंमत आहे.

कान पिळून ‘धर’ शिकवण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून चालते. माझ्या मते ती शिक्षकाच्या उतावळेपणाची रीत आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलत असताना तर तोंडातली वस्तू ओढूच नये. फेकायला झाडाची काटकी नको. ती घशात घुसून जखमा होतात. टेनिसचा चेंडू रोज चघळल्याने दात झिजतात. जाड कापडाची गुंडाळी बरी. आणि घरात आले म्हणजे अंगणातही येईल, असे धरून चालू नका. नव्या जागी धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागतो.

चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांसाठी खास शिकवलेले कुत्रे पडलेला फोन, औषधाची डबी, किल्ल्या उचलून मांडीवर देतात. तेथे दहापैकी नऊ वेळा आणून भागत नाही. त्यांतल्या किल्ल्या सर्वांत अवघड, कारण धातू दातांना लागलेला कुत्र्यांना आवडत नाही. त्यासाठी जुडग्याला प्रथम फडके गुंडाळतात आणि रोज थोडे थोडे उलगडत नेतात.